बोरगुंडीच्या बॉम्बचा मान

“मानवजातीच्या इतिहासाचे आता दोनच भाग होतील. एक बोरगुंडीच्या आधीचा आणि दुसरा बोरगुंडीच्या नंतरचा.”

नरहरराव पेशकारांनी चावडीच्या पायरीवर उभं राहून, उजवा हात आभाळाकडे करून हे जाहीर केलं. आभाळाकडे निघालेला हात वळचणीतल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला आणि इतिहासाचा पहिला भाग तिथंच संपला. दुसऱ्या भागाची सुरुवात नरहररावांच्या कानाला चुना लावून झाली.

कान सुजला तरी बातमीचा जोर ओसरला नाही. बातमी अशी होती की बोरगुंडीच्या माळावर सरकार अणुबॉम्बचा कारखाना काढणार.

तोवर बोरगुंडीबद्दल सांगण्यासारखं फार काही नव्हतं. मंठाळच्या बाजाराला इथून चालत जाता येतं आणि दुबलगुंडीत सोयरिका जमतात, एवढंच कुणीही सांगितलं असतं. पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. निजाम जाऊन राजप्रमुख झाला होता, म्हणजे माणूस तोच आणि पाटी नवी. जहागिरी गेल्या होत्या, जहागीरदार मात्र होते तिथंच बसून होते. अशा थंड दिवसांत एक जीप माळावर आली, तिच्यातून एक तंबू, एक साहेब आणि एक स्वयंपाकी उतरला, आणि साहेब एक डबा गळ्यात अडकवून लाल मुरमावरून फिरू लागला. डबा टिकटिक करत होता. घड्याळ गळ्यात घालून उन्हात फिरणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला.

ड्रायव्हर चहाला गावात आला.

“कोण हाय साहेब?”

“अणुखात्याचे हायत. दगड बघायलेत.”

“दगड कामून?”

“मग अणुबॉम्ब काय शेणाचा करत्यात?” ड्रायव्हर म्हणाला. त्याला दुसरा कप फुकट हवा होता. तो मिळाला, आणि तिसऱ्या कपाला कारखान्याची जागाही नक्की झाली.

नरहरराव हुमनाबादच्या कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झाले होते. कोर्टाचं उर्दू त्यांच्या मराठीत तसंच राहून गेलं होतं. हैदराबादचं वर्तमानपत्र त्यांच्याकडे शिळं होऊन यायचं, पण ते उघडेपर्यंत गावात कुणालाच काही ठाऊक नसल्यामुळे ताजंच धरलं जायचं. त्यांनी या कारखान्याचा मतलब गावाला समजावून सांगितला.

“गौर करा. आज ना उद्या हैदराबाद स्टेट मोडणार. मग आपण म्हैसूरकडं जायाचं का मुंबईकडं, ह्याच्यावर हुमनाबादला लोक जेवण सोडून भांडायलेत. पण ज्याच्या माळावर बॉम्ब हाय, त्याला कोण इचारणार, बाबा तुझी भाषा कंची?”

“मग कन्नडात बोललं तरी चालंल?” भीमण्णानं विचारलं. भीमण्णा मल्लय्याच्या देवळाचा पुजारी. त्याची पूजा कन्नडात, भांडण मराठीत आणि हिशेब दखनीत चालायचा.

“बॉम्ब असल्यावर कशातबी बोललं तरी चालतंय,” नरहरराव म्हणाले. “समोरचा ऐकून घेतो.”

सगळ्या गावाला या बातमीनं आनंद झाला. अंकुशरावाला आशा वाटू लागली, आणि आशा आनंदापेक्षा फार त्रास देते.

अंकुशरावाची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, म्हणून कुणी काढत नव्हतं. चंपाषष्ठीला मल्लय्याची मिरवणूक निघते. तिच्यातली एकेक वस्तू एकेका घरी असते. छत्री एकाकडे, शिंग एकाकडे, चांदीचा मुखवटा आणखी कुणाकडे. वर्षभर ती वस्तू जपायची, पुसायची, उंदरांपासून वाचवायची आणि वर्षातून एकदा बाहेर काढायची. मशाल अंकुशरावाच्या घरी होती, पणजाच्या आधीपासून. मशालीचा कायदा असा की मिरवणुकीत मशाल एकच, आणि ज्याच्या हातातून ती पेटती देवळाचा उंबरा ओलांडून आत गेली, मान त्याचा. त्याच्या हाती असेपर्यंत दुसऱ्यानं मशाल पेटवायची नाही.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली रझाकारांच्या टोळ्या फिरू लागल्या आणि बरीच घरं बैलगाड्या जुंपून सोलापूरकडे निघून गेली. अंकुशराव आईला घेऊन गेला. त्याच्याच गल्लीतला हरिबा गेला नाही. त्या वर्षी मिरवणुकीला माणसं थोडी आणि भीती जास्त होती, आणि मशाल हरिबानं धरली. अंकुशराव परत आला तेव्हा मशाल हरिबाच्या आढ्याला टांगलेली होती.

“तुमी गेलाव, म्या ऱ्हायलो,” हरिबा म्हणाला होता. “आता कायदा काय म्हणतो ते बघा.” कायदा हरिबाच्या बाजूचा होता.

त्या दिवसापासून अंकुशरावाच्या आईनं, सोजराबाईंनी, देवळाकडे पाठ केली. ही बोलण्यातली पाठ नव्हती. त्यांचं घर देवळाच्या बरोब्बर समोर होतं. त्या अंगणात बसायच्या त्या पाठ करून. भाकरी थापताना दारातून देऊळ दिसतं म्हणून त्यांनी चूल मोडून उलट्या तोंडाची घातली. धूर सगळा घरात कोंडू लागला, पण धुरातून देऊळ दिसत नसल्यामुळे त्यांची तक्रार नव्हती. जत्रेच्या दिवशी सगळ्या गावाला सोजराबाईंचा फक्त अंबाडा दिसायचा. अंकुशराव गर्दीत उभा राहून हरिबाच्या हातातली मशाल बघायचा, मग घरी येऊन आईचा अंबाडा बघायचा, आणि न जेवता झोपायचा.

असा माणूस बॉम्बची बातमी ऐकून गप्प बसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरराव, भीमण्णा आणि अंकुशराव माळावर गेले.

साहेबांचं नाव श्रीनिवासराव. हैदराबादेत शिकलेला, तिशीच्या अलीकडचा माणूस. माळावर आल्यापासून त्यांना बोलायला दगड आणि स्वयंपाकी एवढेच मिळाले होते, आणि त्यातले दगड जास्त ऐकून घेत. त्यांनी तिघांना सतरंजीवर बसवलं.

“साहेब,” नरहररावांनी विचारलं, “बॉम्बच्या कारखान्यात काय काय काम चालतंय?”

“हे बघा, आपल्याकडे असला कारखाना नाही. मी फक्त दगड तपासतो. अमेरिकेतल्या कारखान्याबद्दल मी वाचलंय, ते हवं तर सांगतो.”

यातली पहिली दोन वाक्यं तिघांनीही सरकारी विनय म्हणून सोडून दिली.

“तिथं दोन कामं असतात,” श्रीनिवासराव रंगात येऊन सांगू लागले. “एक, बॉम्बचा आराखडा करायचा. दुसरं काम त्याहून किचकट. तयार झालेला बॉम्ब सांभाळायचा. पडून पडून तो आतून बिघडतो. म्हणून ठरलेल्या वेळी बाहेर काढायचा, उघडायचा, पुसायचा, तपासायचा आणि पुन्हा बंद करून जागेवर ठेवायचा. ठरलेल्या माणसांनीच हात लावायचा. बाकीच्यांना जवळ जायची बंदी.”

“आन् वापरायचा कधी?” अंकुशरावानं विचारलं.

“तो वापरण्यासाठी नसतोच तसा. तो आहे, हे सगळ्यांना माहीत असलं की झालं. लोक वचकून असतात.”

भीमण्णाचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

“यप्पा,” तो म्हणाला. “मुखवट्यावानीच की हो.”

“काय?”

“आमच्याकडं हे लई जुनं हाय, साहेब. वर्षभर पुसून ठेवायचं, ठरल्या माणसानंच हात लावायचा, लोकांनी वचकून ऱ्हायाचं. सरकारनं जागा बरोब्बर निवडली. हे काम दुसऱ्या गावाला जमलं नसतं.”

श्रीनिवासरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण अंकुशरावाचा प्रश्न आधी आला.

“साहेब, बॉम्बच्या म्होरं मशाल कोण धरतंय?”

“मशाल?”

“काडी कोण लावतंय म्हणा की.”

“त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो,” श्रीनिवासराव म्हणाले. “ते फार मोठं पद आहे. देशात एकच.”

अंकुशराव माळावरून खाली कसा आला ते त्याला नंतर आठवत नव्हतं. वाटेत एक पायताण पडलं, तेही त्याला घरी आल्यावर आईनं दाखवलं.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. कारखाना आल्यावर मान कुणाकुणाचे, हे आधीच ठरवून ठेवावं, मागाहून भांडणं नकोत, असं नरहररावांनी सुचवलं. त्याबरोबर भांडणं सुरू झाली. बॉम्बवर छत्री धरायची ती मल्लय्याच्या छत्रीवाल्यांनी का नव्या माणसानं? बॉम्ब उघडला की पहिला नारळ कुणाचा? सोनाराचं म्हणणं, उघडबंद करायचं काम आमच्याकडं असतंय, मुखवट्याचा फासा आमीच काढताव. शिंगवाल्यानं विचारलं, बॉम्ब फुटताना शिंग आधी वाजवायचं का मागून? मागून वाजवायला कुणी शिल्लक राहतं का, याची चौकशी करावी, असं ठरलं.

शेवटी मशालीवर गाडी आली. अंकुशराव उभा राहिला.

“मल्लय्याची मशाल हरिबाकडं हाय. त्याच्याबद्दल म्या काय बोलत न्हाई. पण बॉम्ब काय देव न्हाई. त्याची मशाल अजून कुणाचीच न्हाई. ती मला द्यावी.”

हरिबा बसूनच बोलला. “गावातली मशाल म्हणजे मशाल. इस्तू एकच असतोय.”

“देवाच्या मिरवणुकीत एकच असतोय. ही मिरवणूक सरकारची हाय.”

“सरकारची असंल. पण जाणार कुठं?”

हा सवाल कुणाला सुचला नव्हता. भीमण्णानं सांगितलं की बोरगुंडीत निघालेली कुठलीही मिरवणूक देवळातच जाते, दुसरीकडे रस्ताच नाही.

“बघा,” हरिबा म्हणाला. “म्हणजे ह्यानं बॉम्बच्या नावानं मशाल पेटवायची आन् मल्लय्याच्या उंबऱ्यातून आत न्यायची. एकदा आत गेली की मान ह्याचा. अंकुश, तुझ्या डोक्यात बॉम्ब कशापायी शिरला ते मला कळतंय.”

लोक हसले. अंकुशराव हसला नाही. “तू सोलापूरला गेला असतास, तर तुझ्या डोक्यात काय शिरलं असतं?”

तरी कायदा हरिबाच्याच बाजूचा राहिला. कोर्टातल्या इतक्या वर्षांची कमाई नरहररावांनी तिथं खर्च केली. त्यांनी तोड काढली ती अशी. परवा बॉम्बच्या मिरवणुकीची रंगीत तालीम घ्यायची. मशाल अंकुशरावानं धरायची. साहेबांना जेवायला बोलवायचं. मिरवणूक देवळाच्या पायरीशी आली की साहेबांना सगळ्यांसमोर विचारायचं, बॉम्ब आहे का नाही. आहे म्हणाले तर मशाल बॉम्बची. बॉम्बच्या हक्कानं ती आत जाईल. नाही म्हणाले तर हरिबानं पायरीवरच विझवायची आणि अंकुशरावानं या जन्मी पुन्हा मशालीचं नाव काढायचं नाही.

“मंजूर,” हरिबा म्हणाला. त्यानं दुपारीच ड्रायव्हरला गाठून चहा पाजला होता. एका कपात ड्रायव्हर खरं बोलला होता.

“मंजूर,” अंकुशराव म्हणाला.

मग गावाला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. हलग्या शेकल्या गेल्या, शिंग चिंचेनं घासलं गेलं. मंठाळच्या बाजारात आपला भाजीपाला मांडताना बोरगुंडीचे लोक उगाच सावकाश बोलू लागले. भाव पाडून मागणाऱ्याला एकानं सांगितलं, “घ्यायचं तर घे, मालक. पुढल्या वर्षी आमच्याशी असं बोलता येणार न्हाई.” दुबलगुंडीहून एक सोयरीक मोडली होती, तीही पुन्हा चालत आली.

अडचण एकच होती. तालमीला बॉम्ब कुठून आणायचा? देवाची पालखी तालमीला देता येत नाही, म्हणून भीमण्णाच्या बायकोनं, पार्वतम्मानं, घरातला पाळणा दिला आणि तो दोन वाशांना बांधला. पाळणा बांधल्यावर पुढचं आपोआप सुचलं. बारशाला लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. तसा इथंही घालावा. आकारही जवळपास तोच असेल, असं नरहररावांचं मत पडलं. गावातले बाकीचे वरवंटे झिजून काकडीएवढे झाले होते. बॉम्ब म्हणून चारचौघांत दाखवावा असा एकच होता, काळ्या दगडाचा, सोजराबाईंचा.

तालमीच्या दिवशी उन्हं कलती झाल्यावर अंकुशराव घरी गेला. सोजराबाई देवळाकडे पाठ करून ठेचा वाटत होत्या.

“आई, वरवंटा पायजे.”

“दिसंना व्हय, वाटायले मी?”

“बॉम्ब म्हणून ठेवायचाय.”

“किती येळ?”

“देवळापतूर जाऊन येतो.”

“देवळाचं नाव काढू नगंस. नुसतं जाऊन येतो म्हण.”

त्यांनी वरवंटा धुऊन दिला. मुलगा नवं धोतर नेसलाय हे त्यांनी पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. अर्धा ठेचा पाट्यावर राहिला.

वरवंट्याला लाल खण गुंडाळला, हळदकुंकू लावलं, पाळण्यात ठेवला. पाळणा बघून बायका आपोआप जमल्या आणि पार्वतम्मानं गळा मोकळा करून पाळणा गायला घेतला. “नाव काय ठेवायलाव?” एकीनं विचारलं. नरहररावांनी बोट ओठांवर ठेवलं. “नाव गुप्त ऱ्हाईल.” बायकांना हे फार आवडलं. आजवरच्या कुठल्याच बारशात इतकी मजा आली नव्हती.

एवढ्यात श्रीनिवासराव आले. त्यांच्या स्वयंपाक्याला एकच पदार्थ यायचा आणि तोही नीट यायचा नाही, त्यामुळे जेवणाचं बोलावणं त्यांनी अगदी मनावर घेतलं होतं. सकाळपासून ते उपाशी होते. त्यांना वाटलं, गावात कुणाचं तरी बारसं आहे. पाळण्यात डोकावून त्यांनी “छान आहे, आईवर गेलंय का?” असं विचारलं आणि वरवंटा बघून ते दोन पावलं मागे सरकले. तोवर त्यांच्या गळ्यात हार पडला होता, कपाळाला गुलाल लागला होता आणि त्यांना पाळण्याच्या मागं चालायला लावलं होतं. छत्री त्यांच्या डोक्यावर धरायची का वरवंट्याच्या, यावर छत्रीवाले थोडा वेळ भांडले आणि मग दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेवर धरून चालू लागले.

अंकुशरावानं मशाल पेटवली. उजेड होता, ज्योत नीट दिसतही नव्हती, पण तेलाच्या धुराचा वास गल्लीभर पसरला. शिंग वाजलं. हलगी अशी घुमली की देवळाच्या कळसावरची कबुतरं उठून माळाकडे गेली. लोक नाचत होते. नरहरराव एका कानानं नाचत होते, कारण दुसऱ्याला अजून धक्का सोसत नव्हता. कडेनं चालणारा हरिबा मात्र नाचत नव्हता. त्याच्या हातात पाण्यानं भरलेली घागर होती.

मिरवणूक देवळाच्या पायरीशी थांबली. समोरच्या अंगणात सोजराबाईंचा अंबाडा दिसत होता. तो हलला नाही.

हलगी थांबली. नरहररावांनी घसा साफ केला.

“साहेब, बोरगुंडीची रयत आपल्याला एकच सवाल करते. माळावर बॉम्ब हाय का न्हाई? देवासमोर सांगायचं.”

श्रीनिवासरावांनी आधी मशालीकडे पाहिलं, मग घागरीकडे, मग तोंड उघडून उभ्या असलेल्या सगळ्या गावाकडे. नाही म्हणायला ते तयारच होते. पण निघताना वरिष्ठांनी बजावलेलं त्यांना आठवलं. दगडांत काय सापडतंय, काय नाही, त्याचं पुढं काय होणार, यातलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. काही आहे असं म्हणायचं नाही. काही नाही असंही म्हणायचं नाही. नोकरी नवी होती.

“आहे, असं मला सांगता येत नाही,” ते म्हणाले.

हरिबानं घागर उचलली.

“आणि नाही, असंही सांगता येत नाही.”

घागर तशीच राहिली.

“म्हणजे काय साहेब?” अंकुशरावानं विचारलं. “हाय का न्हाई, एवढंच तर इचारायलाव.”

“माफ करा. या बाबतीत मला काहीच बोलता येत नाही.”

“मशाल विझवू का नगं, ते तरी सांगा,” हरिबा म्हणाला.

“त्याबद्दलही नाही.”

लोकांत कुजबुज सुरू झाली. भीमण्णा म्हणाला, कौल लावल्यावर मल्लय्यासुद्धा असंच सांगतो आणि त्यातनंच अर्थ काढावा लागतो. पण अर्थ काढायचा कुणी? नरहररावांनी कोर्टातले सगळे दाखले आठवून पाहिले. अशा साक्षीवर काय करायचं, ते कुठल्याच मुन्सफानं सांगून ठेवलं नव्हतं. मशालीतलं तेल जळत होतं. अंकुशराव पुढं पाऊल टाकत नव्हता, कारण शब्द दिला होता. मागंही घेत नव्हता.

सगळ्यांचे डोळे हरिबाकडे लागले. हरिबा मात्र साहेबाच्या तोंडाकडे बघत होता, एखादा जुना ओळखीचा माणूस भेटावा तसा.

“तुमी सगळे सोलापूरकडं होता,” तो अखेर म्हणाला, “तवा टोळी आली हुती. मला हितंच, ह्याच पायरीवर बसीवलं. म्हणले, चांदीचा मुखवटा कुठं हाय? हाय का न्हाई, तेवढं सांग.”

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“हाय म्हणलं तर मुखवटा जायाचा. न्हाई म्हणलं तर देवासमोर खोटं. म्या म्हणलो, हाय असंबी म्हणत न्हाई, न्हाई असंबी म्हणत न्हाई. लई मारलं. मग दमले अन् गेले.”

“आन् मुखवटा?” भीमण्णानं विचारलं.

“माझ्याच कडब्याच्या गंजीत हुता.” हरिबानं घागर खाली ठेवली. “जो असं बोलतो त्याच्याकडं वस्तू असतीया. हे मला कुणी शिकवू नये. साहेब, तुमी काय बोलू नगा. अंकुश, चल आत.”

अंकुशराव जागचा हलेना. हरिबानं त्याच्या पाठीवर थाप मारली, ती जरा जोरातच. “चल की. तेल संपलं तर पुन्हा चावडी बसंल.”

अंकुशरावानं उंबऱ्यावरून पाय टाकला. मशाल आत गेली. आधी मल्लय्याचे डोळे चमकले, मग सगळा गाभारा. शिंगवाल्यानं एवढी फुंक मारली की शिंगातून जुन्या वर्षांचं काहीतरी बाहेर पडलं. हलगी सुटली. म्हातारे नाचले, बायका नाचल्या. श्रीनिवासरावांना दोघांनी खांद्यावर उचललं. ते खाली उतरवा म्हणत होते, पण साहेब काहीच बोलत नसतात हे आता सगळ्यांना पटलं होतं. नव्या साली जत्रेत मशाल पुन्हा जुन्या घरातून निघणार होती. दुबलगुंडीला बातमी पोचवायला एक जण तिथूनच पळत सुटला. काय बातमी, मशालीची का बॉम्बची, ते त्याला कुणी विचारलं नाही.

आणि मग समोरच्या अंगणातला अंबाडा हलला. सोजराबाई उठल्या, वळल्या, आणि पदर नीट करत चालत आल्या. लोकांनी वाट दिली. इतक्या वर्षांनी गावानं त्यांना देवळाच्या दारात तोंडाकडून पाहिलं. त्यांनी मुलाच्या हातातल्या मशालीकडे पाहिलं. मल्लय्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ, हिशेब पुरा करून घ्यावा तसं. हात जोडले. हरिबाकडे वळून म्हणाल्या, “एवढा मार खाल्लास, तर सांगायचं न्हाई व्हय?”

“तुमी तोंड केलं असतं हिकडं, तर सांगितलं असतं, काकी.”

बायकांच्या डोळ्यांना पदर गेले. हीच वेळ साधून नरहरराव पायरीवर चढले. वर गांधीलमाश्या नाहीत हे त्यांनी आधी पाहून घेतलं.

“बोरगुंडीकरहो, आजपास्नं ह्या बॉम्बची देखभाल ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची जिम्मेदारी झाली. हा बॉम्ब वर्षभर मल्लय्याच्या शेजारी, ह्याच पाळण्यात, पहाऱ्यात ऱ्हाईल. चंपाषष्ठीला तो बाहेर निघंल, पुसला जाईल, आणि साऱ्या जगाला वचक बसंल. दिल्लीला कळू द्या, मुंबईला कळू द्या, म्हैसूरला कळू द्या, लंडनला कळू द्या...”

लंडननंतर आणखी गावं होती. सोजराबाई बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी नरहररावांच्या बऱ्या कानाशी जाऊन सांगितलं,

“अण्णा, बॉम्ब ऱ्हाऊ द्या हितंच. माझा वरवंटा तेवढा द्या. साहेब उपाशी हायत, आन् ठेचा अर्धाच वाटलाय.”